लेसोथोची गाडीवाट

आतल्या खोलीत खुळखुळ वाजलं आणि पृथ्वी घरंगळत ओसरीवर आली.

पृथ्वी म्हणजे नारायणगावच्या बाजारातून आणलेला प्लॅस्टिकचा गोल. त्याचा स्टँड पहिल्याच आठवड्यात मोडला आणि स्क्रू गोलाच्या पोटात पडला, तो पडलाच. तेव्हापासून आमची पृथ्वी सासूबाईंच्या चुंबळीवर बसते. डोक्यावर हंडा घ्यायला केलेली ती जुन्या लुगड्याची चुंबळ. नळ आला, हंडे गेले, चुंबळ राहिली. जरा धक्का लागला की पृथ्वी तिच्यावरून उतरते आणि पोटातला स्क्रू वाजवत घरभर हिंडते. मागोमाग आमची अक्षदा, वय वर्षं सहा.

"आई, सुटली बघ ती," अक्षदा म्हणाली.

एरवी सगळे हसले असते. पण सुदर्शन नुकताच शेतावरून येऊन उंबऱ्यात टेकला होता आणि आल्या आल्या त्यानं सांगितलं होतं, "तात्यांनी गाडीवाट नांगरली. नुसती नांगरली न्हाय, वर कोथिंबीर टाकली." सुदर्शन माझा नवरा. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते, इथे लिहिताना सुदर्शनच.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांच्या हातातला अडकित्ता सुपारीसकट तसाच उघडा राहिला होता.

पिंपळवंडीच्या शिवारात आमचं तीस गुंठ्यांचं एक वावर आहे. त्याच्या चारही बाजूंना तात्यांची जमीन. तात्या म्हणजे गेणभाऊ, माझे चुलत सासरे. आजेसासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा विहिरीचा तुकडा माझ्या सासऱ्यांना आला. बाकीचे भाऊ पुण्या-मुंबईला गेले, त्यांच्या जमिनी तात्यांनी घेतल्या आणि आमचा तुकडा आपोआप मधोमध अडकला. तेव्हापासून तोंडी ठरलेलं असं, की आमची गाडी तात्यांच्या बांधाकडेनं जायची आणि तात्यांनी आमच्या विहिरीवर पाळीनं मोटर चालवायची. कागद कधी झाला नाही. सासरे गेले तरी शब्द चालत राहिला.

यंदा त्या वावरात टोमॅटो होता. बांबू-तारेवर चढलेला, गुडघ्यापासून छातीपर्यंत फळच फळ. रंग धरायला अजून तीनेक आठवडे होते. रंग आला की माल एक दिवस थांबत नाही, आणि पिकअप आत गेली नाही तर ते क्रेट उन्हात बांधाबांधानं डोक्यावर कोण वाहणार? झाडालाच फुटला असता सगळा.

"पण तात्यांना झालं काय?" मी विचारलं.

"फ्लेक्स," सुदर्शन म्हणाला आणि कपाळाला हात लावला.

गावच्या यात्रेचा फ्लेक्स. सुदर्शन आणि त्याच्या दोस्तांनी लावलेला. वरच्या रांगेत पुढारी, टोपीपासून खिशातल्या पेनापर्यंत. मध्ये मंडळाची पोरं, गॉगल लावून. तात्यांचा वेगळा फोटो मिळेना, म्हणून दुकानदारानं कुठल्याशा लग्नातल्या फोटोतून त्यांचं तेवढं डोकं कापून घेतलं आणि खाली कोपऱ्यात बसवलं. अगदी मंडपवाल्याच्या जाहिरातीला चिकटून. मला तर ते डोकं यात्रेच्या तिसऱ्या दिवशी दिसलं.

"त्यांना फोटू म्होरं पाहिजे व्हता. सरळ सांगायचं ना मला," सुदर्शन म्हणाला.

"मान सांगून घ्यायचा नसतो रं," आत्या म्हणाल्या आणि अडकित्ता मिटला.

"मंग मी बी त्यांची पाळी बंद करतो. स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावतो. बघू कोथिंबीर कशी उगवती."

"लाव की. त्यांचा टोमॅटो वाळंल, आपला सडंल. गाव दोनी बघाया येईल. मी च्या करते गावासाठी."

सुदर्शननं कुलूप लावलं नाही. पण अबोला धरला. तात्यांनी तर आधीच धरला होता.

*

दुपारी जेवणं उरकतात, आत्या पडतात, सुदर्शन डोळ्यांवर टॉवेल टाकून घोरायला लागतो. तेवढा तासभर माझा. पारगावला माहेरी असताना मी परीक्षा दिल्या, तलाठ्याची, पोस्टाची. नोकरी लागली नाही, राजधान्या तेवढ्या पाठ झाल्या. लग्नात साड्यांच्या घडीत घालून ॲटलास आणला होता. आत्यांनी तो उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "रांगोळीचं पुस्तक दिसतंय. चांगलंय." आता तो मी आणि अक्षदा मिळून वाचतो. ती देश विचारते, मी सांगते. ती झोपली की मी हे असं काहीबाही लिहिते.

त्या दिवसांत ती मोठी खोडकर झाली होती. घरात सगळे गप्प आणि हिला तेवढंच जग मोकळं. मी तिला बोलिव्हिया सांगितला. पूर्वी त्याला समुद्र होता, लढाईत किनारा गेला, पण त्यांनी नौदल काही मोडलं नाही. अजून त्यांचे खलाशी आहेत, तळ्यात सराव करतात. अक्षदानं खिडकीतून अंगणाकडे बघितलं. तिथे आमची पिकअप उभी होती, धुऊन पुसून.

"म्हणजे बाबांसारखं," ती म्हणाली.

टॉवेलाखालचं घोरणं थांबलं. "काय माझ्यासारखं?"

"काही नाही, झोपा तुम्ही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिला फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या नदीतलं बेट सांगितलं. ते सहा महिने एकाचं असतं, सहा महिने दुसऱ्याचं. साडेतीनशेच्या वर वर्षं झाली, पाळी चुकली नाही. त्याचं तिला अजिबात नवल वाटलं नाही. "आपल्या विहिरीसारखं आहे," म्हणाली आणि पुढचं पान उलटलं. मीच नवल करत बसले.

आणि मग लेसोथो आला. पृथ्वी मांडीवर घेऊन मी तिला आफ्रिकेच्या खालच्या टोकाशी एक ठिपका दाखवला. अख्खा देश, पण चारी बाजूंनी दुसरा एकच देश. कुठूनही बाहेर पडायचं तर दक्षिण आफ्रिकेतूनच.

अक्षदानं बोट ठिपक्यावर ठेवलं ते उचललंच नाही. "हे आपलं विहिरीचं वावर आहे."

"हो गं. तसंच."

"मग तात्या दक्षिण आफ्रिका."

मी हसले आणि तिला झोपवलं. ती हे विसरून जाईल असं मला वाटलं होतं. सहा वर्षांच्या मुली काय काय विसरतात, पाण्याची बाटली, दप्तर, चप्पल. हे नेमकं विसरत नाहीत.

*

टोमॅटोवर पिवळी झाक आली. गाडीवाटेवरची कोथिंबीरही वर आली, चार बोटं, मग वीतभर. सुदर्शन रोज सकाळी जाऊन बघून यायचा आणि न्याहारीला बसला की भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा.

तात्यांच्या पाळीच्या दिवशी विहिरीवर आमच्या घरून चहा जातो. अबोल्यातही गेला. आत्यांचा नियमच तसा. "अबोला तोंडाचा असतो, च्याचा नसतो," त्या म्हणाल्या आणि किटली माझ्या हातात दिली. अक्षदा बरोबर निघाली, काखेत पृथ्वी.

तात्या विहिरीजवळच्या जांभळाखाली बसले होते. मोटर चालू होती, पाइपातून पाणी त्यांच्या वावराकडे चाललं होतं. मी पदर सारखा केला आणि कप भरून अक्षदाच्या हातात दिला. तात्यांनी घोट घेतला.

"अक्षे, तुझ्या आईला म्हनावं, साखर कमी पडली."

"अक्षू, तात्यांना सांग, डॉक्टरांनीच कमी सांगितलीय."

"तात्या, डॉक्टरांनी..."

"ऐकलं मी. भैरा न्हाय झालो अजून."

मग अक्षदानं पृथ्वी दोन्ही हातांत धरली आणि म्हणाली, "तात्या, तुम्ही दक्षिण आफ्रिका आहात."

"आँ?"

"आणि आम्ही लेसोथो."

तात्यांनी कप खाली ठेवला. "तुझ्या आईला इचार, ही शिवी हाय का?"

"अक्षू, तात्यांना सांग, शिवी नाही, देश आहे."

"कुठंय? दाव."

अक्षदानं दाखवला. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गोल हलवला, आतला स्क्रू वाजला, तसे ते जरा दचकले. मग ठिपक्याभोवती त्यांनी नखानं एक फेरी मारली. "च्यायला. चारी अंगानं येकच मालक. मंग ती लोकं बाहीर कशी जात्यात?"

"दक्षिण आफ्रिकेतून," अक्षदा म्हणाली.

"आन त्यो जाऊ देतो?"

हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तात्यांनीही पाहिलं. आता निरोप कुणामार्फत पाठवणार?

"देतो, तात्या," मी म्हटलं. "लेसोथो सगळा डोंगराळ. पाणी तिकडं. मोठमोठाले बोगदे खणून ते पाणी दक्षिण आफ्रिकेच्या शहरांना नेलंय. ते वाट देतात, हे पाणी देतात."

तात्या पाइपाकडे बघत राहिले. मग सरळ माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजी तू मला धमकी द्याया आलीस व्हय?"

माझे कान तापले. या घरात येऊन आठ वर्षं झाली, तात्यांशी मी एवढं लांब वाक्य कधी बोलले नव्हते, आणि बोलले ते हे असं झालं.

"धमकी असती तर चहा आणला नसता."

"तुझा नवरा पेटीला कुलूप लावनार व्हता म्हनं."

"म्हणाले होते. लावलं नाही."

"का न्हाय लावलं?"

"आत्या म्हणाल्या, दोन्ही टोमॅटो मरतील."

तात्यांच्या मिशा हलल्या. हसले की काय कळलं नाही. कप उचलला, रिकामाच होता, तरी तोंडाला लावला. "मला वाटंचं काय न्हाय गं पोरी. पर तू त्यो फ्लेक्स बघितलास का? माझं मुंडकं एवढंसं. त्या मंडपवाल्याचा फोन नंबर माझ्यापरीस मोठा. ठमा म्हनली, तुमी कुठं हाय त्यात, मला घावंना. सोताच्या बायकूला घावंना मी. पन्नास वर्सं यात्रंची वर्गनी काढली, बैल धरलं, आन शेवटी काय, जाहिरातीशेजारी."

फोटो लहानच होता. मी अक्षदाच्या हातातल्या गोलाकडे बघत होते आणि एकदम ते सुचलं.

"अक्षू, तुमच्या शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे ना? त्यात ग्रीनलंड केवढं आहे?"

अक्षदानं हात फाकवले. "एवढं. आफ्रिकेएवढं."

"आता गोलावर दाखव तात्यांना."

तिनं वरच्या टोकाला पांढरा तुकडा शोधला आणि त्यावर तळवा ठेवला. तुकडा झाकला गेला. मग तोच तळवा आफ्रिकेवर ठेवला, तर आफ्रिका चहूकडून उरली.

"आफ्रिकेत अशी चौदा ग्रीनलंड मावतात, तात्या. पण पृथ्वी आहे गोल आणि कागद चपटा. चपट्यावर मांडली की वर टोकाला असणारे फुगून मोठे दिसतात आणि मधले आहेत त्याहून लहान वाटतात. फ्लेक्ससुद्धा चपटाच असतो."

तात्यांनी स्वतःचा तळवा ग्रीनलंडवर ठेवून बघितला.

"वरल्या रांगंत कोन व्हतं गं फ्लेक्सात?"

"पुढारी."

"हां." त्यांनी मान डोलावली. मग खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग जांभळावरची साळुंकी उडाली इतके ते मोठ्यांदा हसले. "वर टोकाला असल्यात म्हनून फुगल्यात म्हन की. अक्षे, किती मावत्यात म्हनली तुझी आई?"

"चौदा."

"चौदा," तात्या स्वतःशी म्हणाले.

पण वाटेवर कोथिंबीर होतीच. हसून झाल्यावर त्यांनाही ती आठवली असावी, कारण त्यांचा चेहरा परत बंद झाला. माणूस हसला म्हणून वाट मोकळी होत नाही. नांगरलेली वाट कुणी आपल्या तोंडानं कशी परत देणार?

"पहिल्या तोड्याचा नारळ तुम्हीच फोडायचा," मी म्हटलं. आमच्याकडे नव्या मालाचा पहिला तोडा घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातचा नारळ फुटल्याशिवाय सुरू होत नाही. सासरे गेल्यापासून तो मान तात्यांचा.

"मला कुनी बोलवलं न्हाय."

"मी बोलवतेय."

"तू बोलवलंस, बरं केलंस. पर सुदर्शननं बोलवाया पाहिजे."

"ते येतील संध्याकाळी."

हे मी बोलून गेले. सुदर्शनला यातलं काहीच माहीत नव्हतं. तात्या उठले, पाइपाच्या तोंडाशी कप विसळला, किटलीवर पालथा ठेवला आणि पाणी पुढच्या वाफ्याला वळवायला, दारं मोडायला निघून गेले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही नाही.

*

"मी न्हाय जानार," सुदर्शन म्हणाला. "वाट त्यांनी मोडली आन बोलवाया मी जाऊ?"

"मी शब्द देऊन आलेय."

"मला इचारून दिलास का?"

नव्हता विचारून दिला. सुदर्शन बोलवायला गेला नाही तर तात्यांच्या डोळ्यांत मी खोटी पडणार होते, आणि टोमॅटो तर गेलाच होता. अक्षदा आमच्या दोघांच्या मध्ये बसून पृथ्वीला चुंबळीवर बसवत होती.

आत्या आतून म्हणाल्या, "जा रं. बोलवाया जायला पाय लागत्यात, नाक लागत न्हाय."

सुदर्शननं मोटारसायकलला किक मारली, तीही रागानंच. मी भाकऱ्या थापल्या. एक करपली, एक कच्ची राहिली. आत्यांनी करपलेली स्वतःच्या ताटात घेतली. गाडीचा आवाज परत आला तेव्हा मी पिठाच्या हातानंच ओसरीवर आले.

"काय म्हणाले?"

"च्या दिला."

"आणि?"

"काय न्हाय. कोथिंबिरीचं नाव बी काढलं न्हाय. मी म्हनलं, उद्या तोडा धरलाय, नारळाला या. तर म्हनले, आफ्रिकेत ग्रीनलंड किती मावत्यात, सांग." त्यानं चप्पल काढली. "मला कुठं आलंय ते. म्हनले, घरी इचार. हा काय प्रकार हाय, नूतन?"

*

सकाळी तोडणीला येणारी रत्ना आणि वस्तीवरच्या बायका बादल्या घेऊन बांधावरून चालत आधीच पुढे गेल्या. त्यांना वाट लागत नाही. आम्ही पिकअपमध्ये. मागे रिकामे क्रेट खडखडत होते, अक्षदा माझ्या मांडीवर, तिच्या मांडीवर नारळ. तात्यांच्या बांधाशी वळण घेतलं आणि सुदर्शननं ब्रेक दाबला.

गाडीवाटेवर कोथिंबीर होती. पण तिच्यातून दोन पट्टे कापलेले होते. पिकअपच्या चाकांएवढे रुंद, अगदी समांतर, आमच्या वावरापर्यंत गेलेले. दोन्ही पट्ट्यांच्या मधली रांग मात्र जशीच्या तशी हिरवीगार उभी. पट्ट्यांच्या तोंडाशी ठमाकाकू विळा घेऊन बसल्या होत्या, आणि शेजारी धुतलेली टोपी घातलेले तात्या.

"चाकं पट्ट्यात ठिवायची," ते सुदर्शनला म्हणाले. "मधल्या रांगंला धक्का लागला तर मला इचारायचं न्हाय मंग."

"पट्टे मापले कशानं तात्या?"

"काल तू च्या पीत व्हतास तवा तुमच्याच गाडीचं माप घिऊन आली ठमा. घरी कुनाला कळलं बी न्हाय."

आत्यांना कळलं होतं, हे मला नंतर कळलं. माप घ्यायला चुंबळीला गुंडाळलेली नाडी त्यांनीच सोडून दिली होती.

ठमाकाकूंनी कापलेली कोवळी कोथिंबीर माझ्या पदरात टाकली. "तुमच्या वाटंची हाय. नारळाच्या चटनीला घाल."

सुदर्शन इंचाइंचानं गाडी पुढे घेत होता. तात्या समोरून उलटे चालत हात दाखवत होते, "यिऊं दे, यिऊं दे, जरा डाव्या अंगाला." चाकांखाली खुंट चिरडले आणि त्यांचा वास गाडीत भरला. तो वास टोमॅटोच्या क्रेटनाही लागला असणार. बाजारात कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

नारळ एका घावात फुटला. तात्यांनी पहिला टोमॅटो तोडून अक्षदाच्या हातात दिला आणि सुदर्शनकडे बघून म्हणाले, "चौदा. ध्यानात ठिव." दुपारपर्यंत पारावर ही गोष्ट पोचली. आता तात्या ज्याला त्याला सांगतात की फ्लेक्स चपटा असतो. पुढच्या यात्रेला फोटो कुठेही लावा म्हणालेत, फक्त वरच्या रांगेत नको.

त्या संध्याकाळी आम्ही दमून ओसरीवर बसलो होतो. दिवेलागणीनंतर बिबट्याच्या भीतीनं पोरांना आत घ्यावं लागतं, म्हणून अक्षदाला मी आधीच पायरीवरून वर ओढून घेतलं होतं. पिकअप बाजारातून रिकामी होऊन आली होती. चाकांत अजून हिरव्या काड्या अडकलेल्या होत्या. अक्षदानं पृथ्वी चुंबळीवर बसवली, सारखी केली, आणि माझ्या मांडीवर डोकं टेकलं.

"आई, लेसोथो दक्षिण आफ्रिकेच्या वावरात आहे ना?"

"हो."

"आणि दक्षिण आफ्रिका पृथ्वीच्या वावरात."

"हो गं. झोप आता."

ती झोपली नाही. तिनं पृथ्वीला बोटानं हळूच ढकललं, आतला स्क्रू वाजला, आणि ती अंगणाच्या वर, पार अंधारून येणाऱ्या आभाळाकडे बघायला लागली.

"मग पृथ्वी कोणाच्या वावरात आहे? तिला बाहेर जायचं असलं, तर वाट कोणाकडे मागायची?"